शिट्टी होईपर्यंत

खेळ चालू असताना कुणालाही पायऱ्या उतरू द्यायच्या नाहीत. हातात नाचोजची गरम थाळी असो, कडेवर झोपलेलं मूल असो, शिट्टी होईपर्यंत माणसानं वरच्या दाराशीच थांबायचं आणि मी हात आडवा धरून त्याच्यापुढं उभं राहायचं. शिट्टी झाली की हात खाली. मग अर्ध्या-पाऊण मिनिटात जमतील तेवढे लोक आपापल्या खुर्च्यांवर पोचवायचे आणि पक पुन्हा बर्फावर पडायच्या आत हात पुन्हा आडवा.

सॅन होजेच्या एसएपी सेंटरमध्ये मी संध्याकाळी हे काम करतो. आईस हॉकी खेळणाऱ्या शार्क्स संघाचं हे घर. कॅलट्रेनमधून डिरिडॉन स्टेशनवर उतरलं की समोरच दिसतं. आत साडेसतरा हजारांच्या आसपास खुर्च्या, त्यांतल्या साधारण तीनशे माझ्या ताब्यात. इथं आम्हाला ‘अशर’ म्हणतात. पुण्यात नाट्यगृहाच्या दाराशी बॅटरी घेऊन उभा असतो तो डोअरकीपर, तेच हे काम. तिकीट बघायचं, रांग दाखवायची, सांडलेलं पुसून घ्यायचं, भांडण होतंय असं वाटलं तर आधीच मध्ये जाऊन उभं राहायचं.

हात आडवा धरण्यामागं नुसता शिष्टाचार नाही. पक म्हणजे कडक रबराची चकती, एक इंच जाड आणि साधारण १७० ग्रॅम वजनाची. उसळी कमी मारावी म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. २००२ साली कोलंबसला अशी एक चकती काचेवरून उडून प्रेक्षकांत गेली आणि तेरा वर्षांची एक मुलगी दगावली. त्यानंतर सगळ्या मैदानांत दोन्ही गोलांमागं उंच जाळ्या लागल्या. माझा विभाग जाळी संपते तिथून थोडा पुढं आहे, म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला बसताना एक वाक्य सांगतो: फोन नंतर बघा, नजर बर्फावर ठेवा.

हे वाक्य मी गेले तीन मोसम म्हणतोय. ते माझ्याही उपयोगी पडलं.

मी खडकीचा. वडील दारूगोळा कारखान्यात होते आणि कारखान्याच्या वसाहतीतल्या मातीच्या मैदानांवर आमचं बालपण गेलं. आमच्याकडं क्रिकेट होतं, पण हॉकी आधी होती. काठीलासुद्धा आम्ही ‘हॉकी’च म्हणायचो, “माझी हॉकी दे रे” असं. धनराज पिल्ले याच मातीतला, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा. लहानपणी तो तुटलेल्या काठ्या दोरीनं बांधून खेळायचा ही गोष्ट पुढं सगळ्या देशाला माहीत झाली. आम्हाला तिचं नवल नव्हतं. आमच्या सगळ्यांच्याच काठ्या तशा होत्या.

अमेरिकेत आल्यावर मात्र बर्फावरच्या हॉकीकडं मी फारसा फिरकलो नव्हतो. वेग इतका, की काय झालं ते कळायच्या आत गोल होऊन गेलेला असे. एका कंपनीत चिप तपासण्याचं काम करत होतो. चिप कारखान्यात जाण्याआधी तिच्या आराखड्यातल्या चुका शोधायच्या. त्यात एकोणीस वर्षं गेली. २०२३ च्या फेब्रुवारीत एका सकाळी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या गटातल्या अकरा जणांना एकदम सांगितलं, की संघाची पुनर्बांधणी होते आहे. इंग्रजीत तो शब्द ‘रीबिल्ड’. पुढच्या तीन वर्षांत कंपनीला कुठं जायचंय ते बोलणारी बाई शांतपणे सांगत होती आणि त्या तीन वर्षांत आम्ही नव्हतो. दुपारी बारापर्यंत माझा ईमेल बंद झाला.

सहा-सात महिने अर्ज, मुलाखती, पुन्हा अर्ज. घरात बसवेना. मुलीच्या मैत्रिणीचे वडील म्हणाले, शार्क्सच्या सामन्यांना माणसं घेताहेत, संध्याकाळचं काम आहे, जाऊन ये. गेलो. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, जाकीट मिळालं आणि १२ ऑक्टोबर २०२३ ला, मोसमाच्या पहिल्या सामन्याला, मी हात आडवा धरून उभा राहिलो. समोर वेगास होतं, त्याच जूनमध्ये स्टॅन्ली कप जिंकलेला संघ. आम्ही ४–१ नं हरलो. ‘आम्ही’ हा शब्द पहिल्याच रात्री तोंडात आला, का ते तेव्हा कळलं नाही.

मध्यंतरात झँबोनी गाडी बर्फावर गरम पाणी पसरत फिरत असताना वरून चौथ्या रांगेतल्या एका आजोबांनी मला हाक मारली. वय पंचाहत्तरच्या आसपास. शेजारी बायको, मांडीवर लोकरीची शाल. संघ १९९१ साली सुरू झाला तेव्हापासूनचे हे दोघं तिकीटधारक. तेव्हा सॅन होजेत मैदान नव्हतं. डेली सिटीतल्या ‘काऊ पॅलेस’ नावाच्या, गुरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या इमारतीत दोन वर्षं सामने झाले.

“पहिल्यांदाच बघतोयस ना?” त्यांनी विचारलं. “तू पक शोधत होतास. सगळे तेच करतात. पक बघू नकोस. एक माणूस धर आणि तो उतरल्यापासून बाकावर परत येईपर्यंत फक्त त्यालाच बघ.”

हॉकीत खेळाडू सलग खेळत नाहीत. पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं आणि बाकावर यायचं, की दुसरा उतरतो. याला ‘शिफ्ट’ म्हणतात. माझ्या कामाला हे नेमकं सोयीचं होतं. मला सलग सामना बघताच येत नाही. पाठीमागं कोण आलं, कुणाचा पाय घसरला, कुणाला जागा सापडत नाही, या सगळ्यातून मला एकेक शिफ्टच मिळते. मी आजोबांचं ऐकलं. पुढच्या सामन्यापासून एकेक माणूस धरू लागलो.

असं बघितलं की धावफलकावर नसलेलं बरंच काही दिसतं. पक दुसऱ्या टोकाला असताना एखादा बचावपटू डोकं वळवून मागं कोण येतंय ते बघतो की नाही. दमलेला माणूस बाकाकडं सरळ जातो, की जाता जाता एकाची वाट अडवून जातो. विल्यम एकलुंड नावाचा स्वीडिश पोरगा, तेव्हा एकवीस वर्षांचा, अंगानं किरकोळ. कडेच्या फळीला पक घेऊन गेला की दुप्पट रुंदीचे बचावपटू त्याला दाबायचे आणि पक सुटायचा. पण डोळा त्याच्यावर ठेवल्यावर महिन्याभरात लक्षात आलं, की तो आता धक्का येण्याआधी पाठ फिरवतो, गुडघे वाकवतो आणि पक आपल्या अंगाच्या सावलीत ठेवतो. पक तरीही जायचा, पण पूर्वीपेक्षा दोन सेकंद उशिरा. ते दोन सेकंद बघायला मी पायऱ्यांवर उभा असायचो.

धावफलक मात्र काही वेगळंच सांगत होता. दुसरा सामना पेनल्टी शूटआउटमध्ये गेला, त्याचा तेवढा एक गुण मिळाला. बाकी सगळे सरळ हरलो. कॅरोलायनाकडून ६–३, बॉस्टनकडून ३–१, टॅम्पाला जाऊन ६–०. ऑक्टोबर संपला तरी जिंकण्याच्या रकान्यात शून्य होतं. आणि मग २ नोव्हेंबर, गुरुवार, समोर व्हँकुव्हर.

त्या रात्री आम्ही १०–१ नं हरलो. पुरतं पानिपत झालं. सात-आठ गोल होईपर्यंत लोक चिडलेले होते. त्यानंतर ते चिडायचेही थांबले, आणि ती शांतता मला जास्त टोचली. शेवटच्या सत्रात माझ्या पायऱ्यांवरून लोकांची खाली नाही, वर रांग लागली. जाणाऱ्यांनासुद्धा शिट्टी होईपर्यंत थांबवायचं असतं. माझ्या हाताशी थांबलेला एक माणूस म्हणाला, “मी दीडशे डॉलर दिलेत हे बघायला.” मी काही बोललो नाही. त्याचं बरोबर होतं.

पण त्याच वेळी, नऊ गोल झालेले असताना, आमचा एक बचावपटू बर्फावर आडवा झाला आणि त्यानं एक फटका पोटरीवर घेतला. उठला, लंगडत बाकाकडं गेला. काचेवरच्या गर्दीत नंबर दिसला नाही. सामना कधीच हातचा गेला होता, त्या फटक्यानं काहीही बदलणार नव्हतं. मी हात आडवा धरलेला होता आणि मला रडू येत होतं. माझ्या ईमेलची ती दुपार आठवली. त्या दिवशी बारा वाजायला दहा मिनिटं असताना मी एक चूक नोंदवली होती. दोन आठवडे तिच्या मागं होतो, ती त्या सकाळी सापडली होती. पुढं ती कुणी वाचली का, कुणी दुरुस्त केली का, मला माहीत नाही.

शनिवारी पिट्सबर्गकडून १०–२. त्यांच्या बाजूनं एरिक कार्लसन खेळत होता. आदल्या मोसमात याच शार्क्सकडून त्यानं १०१ गुण केले होते. बचावपटूनं शंभरी ओलांडणं तीस-एक वर्षांत झालं नव्हतं आणि वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याला मिळाला होता. ऑगस्टमध्ये शार्क्सनं त्याला देऊन टाकलं.

इथल्या रीबिल्डचं गणित समजून घ्यायला मला वेळ लागला. लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे. थोराड आणि महागडे खेळाडू ठेवून संघ मधल्या क्रमांकावर राहतो, वरही जात नाही आणि खालीही नाही. मग व्यवस्थापन ठरवतं, की मोठी माणसं देऊन त्या बदल्यात तरणी पोरं आणि पुढच्या निवडींचे हक्क घ्यायचे. जूनमध्ये अठरा वर्षांच्या पोरांची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. सगळ्यांत तळाच्या संघाला पहिला हक्क मिळण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, सोडतीत २५.५ टक्के. माईक ग्रिअर २०२२ च्या जुलैमध्ये जनरल मॅनेजर झाले आणि ब्रेंट बर्न्स कॅरोलायनाला गेला, पुढच्या फेब्रुवारीत टीमो मायर न्यू जर्सीला, मग कार्लसन. मार्च २०२४ मध्ये टोमास हर्टलही गेला. याच संघानं निवडलेला, याच गावात खेळाडू म्हणून मोठा झालेला. तो गेल्याच्या दुसऱ्या सामन्याला माझ्या विभागात त्याचं नाव पाठीवर असलेल्या जर्सी मी मोजल्या होत्या. एकोणीस.

कोकणात माझ्या मामाची आंब्याची बाग आहे. कलम लावल्यावर पहिली काही वर्षं तो मोहोर खुडून टाकायचा. झाड आधी वाढू दे, फळ नंतर, म्हणायचा. लहानपणी मला ते बघवायचं नाही. रीबिल्डबद्दल वाचताना मला मामाची बोटं आठवली आणि वाटलं, हे शहाणपणाचंच आहे. आजही वाटतं. शार्क्सनं मधल्या क्रमांकावर रेंगाळण्यापेक्षा हे केलं ते बरंच केलं. पण मोहोराला कळत नाही. बाकावर बसलेल्या त्या वीस माणसांना कळत होतं, की आपण मधल्या वर्षांसाठी आहोत. गोड फळ येईल तेव्हा बहुतेक आपण नसू.

आणि चाहत्यांकडून जो धीर मागितला जातो, त्यात नेमकी हीच माणसं गळतात. “थांबा, पोरं येताहेत” असं म्हणताना आज जे खेळताहेत त्यांच्याकडं बघायचं कारणच उरत नाही. त्यांचं हरणं उपयोगाचं, त्यांचं जिंकणं उलट अडचणीचं. माझ्या विभागात एक तरुण होता, सॉफ्टवेअरवाला, आपल्या नागपूरचा. तो मला मराठीत म्हणाला, “काका, आपण हरलेलंच बरं. पहिला नंबर मिळेल.” हुशार मुलगा होता आणि हिशेब त्याचा चूक नव्हता. मी त्याला म्हटलं, “हो रे, पण त्या पोटरीवर फटका घेणाऱ्याला हे तू खाली जाऊन सांगशील का?” तो गप्प झाला. पुढच्या सामन्याला त्यानं मला विचारलं, की कुठल्या नंबरचा होता तो.

७ नोव्हेंबरला, मंगळवारी, फिलाडेल्फियाविरुद्ध बाराव्या सामन्यात २–१ नं पहिला विजय मिळाला. लोक कमी होते. शेवटच्या दोन मिनिटांत सगळे उभे राहिले आणि वरच्या रांगेत मी एकटा पाठ करून उभा होतो, कारण दाराशी चौघं थांबले होते आणि शिट्टी झाली नव्हती. त्यांच्या चेहऱ्यांवरूनच मी सामना बघितला. भोंगा वाजला आणि त्यातल्या एका अनोळखी माणसानं मला मिठी मारली. आजोबा जागेवर बसूनच होते. चष्मा काढून शालीच्या टोकानं पुसत होते. “१९९३ ला आम्ही सलग सतरा हरलो होतो,” ते म्हणाले. “त्या मोसमात एकाहत्तर हरलो. कुणी विचारतच नाही, की ते अकरा जिंकलेले कसे होते.”

८४ सामन्यांत ११ विजय. एका मोसमात ७१ पराभवांचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पुढच्याच मोसमात संघ या नव्या मैदानात आला, २४ गुणांवरून ८२ वर गेला आणि ३० एप्रिल १९९४ ला बलाढ्य डेट्रॉइटला सातव्या सामन्यात हरवून पहिल्या फेरीतून बाहेर पाठवलं. आजोबांना तो सामना आठवतो, पण बोलतात ते काऊ पॅलेसच्या दिवसांबद्दल. तेव्हाच्या गोलकीपरांनी एका रात्रीत किती फटके खाल्ले ते सांगतात. नावं घेऊन सांगतात.

हे ऐकताना मला आमची हॉकी आठवायची. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला भारतीय संघ पात्रच ठरला नाही. १९२८ पासून सलग सहा सुवर्णं जिंकलेला देश. वडील तेव्हा होते. पेपर घडी करून ठेवला आणि दिवसभर त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. २०१२ ला लंडनमध्ये गेलो ते सगळे सामने हरून बारावे, म्हणजे शेवटचे आलो. त्यानंतर वडिलांनी हॉकी बघणं सोडलं नाही. उलट खेळाडूंची नावं पाठ करू लागले. मला फोनवर सांगायचे, हा मनप्रीत बघ, हा गोलकीपर श्रीजेश बघ. मी म्हणायचो, “बाबा, आपण शेवटचे आलोय.” ते म्हणायचे, “आलोय ना. म्हणून तर बघायला पाहिजे.”

टोकियोतला ब्राँझपदकाचा सामना कॅलिफोर्नियात ४ ऑगस्ट २०२१ च्या संध्याकाळी दिसला. जर्मनीविरुद्ध १–३ असे मागं पडून आपण ५–४ नं जिंकलो. ४१ वर्षांनी पदक. शेवटच्या काही सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर श्रीजेशनं अडवला. कर्णधार मनप्रीत. दोघंही लंडनच्या त्या बाराव्या संघात होते. वडील दोन वर्षांपूर्वीच गेले होते. बायको बाजूला बसून होती, तिला मी सारखा सांगत होतो, “बाबांनी ही नावं सांगितली होती.”

भारतीय संघाचं हे एक सुख होतं. जे हरले, त्यांतलेच काही पुढं जिंकले. इथं तसं होत नाही. इथं माणसं बदलून दिली जातात आणि वाईट वर्षांचा भार ज्यांनी उचलला ते चांगल्या वर्षांत दुसऱ्या गावात असतात. फाबियान झेटरलुंड मायरच्या बदल्यात आलेल्या ऐवजातला एक होता. २०२३-२४ च्या त्या मोसमात सगळ्याच्या सगळ्या ८२ सामन्यांत उतरला, २४ गोल केले. ५४ सामने सरळ हरलेल्या, लीगमध्ये तळाला राहिलेल्या संघात. मार्च २०२५ मध्ये तो ऑटावाला गेला. गोलकीपर ब्लॅकवूड त्याआधीच, डिसेंबरमध्ये, कोलोरॅडोला. कर्णधार लोगन कुटूरला दुखापतीनं उठू दिलं नाही आणि त्यानं खेळणं थांबवलं.

२०२४ च्या जानेवारीत मला एका लहान कंपनीत पुन्हा नोकरी लागली. बायको म्हणाली, “आता ते संध्याकाळचं सोड की.” मी सोडलं नाही. आठवड्यातून एखादा सामना घेतो. पहिल्या दिवशी नव्या ऑफिसात कुणी तरी आधीच्या माणसाचं लिहिलेलं तपासणीचं काम माझ्या हातात दिलं. तो आता तिथं नव्हता. मी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, दोन दिवस लागले. त्यानं एका ठिकाणी अवघड चूक पकडून टीप लिहून ठेवली होती. माझ्या अहवालात मी वर त्याचं नाव टाकलं.

जून २०२४ ला शार्क्सनं पहिल्या क्रमांकावर मॅक्लिन सेलेब्रिनीला निवडलं. लहानपणी इथल्याच ज्युनिअर शार्क्समध्ये खेळलेला मुलगा. १० ऑक्टोबरला, अठराव्या वर्षी, त्याचा पहिला सामना. पहिल्याच सत्रात त्यानं गोल केला आणि छप्पर उडतंय की काय असं वाटलं. तरी जादा वेळेत आम्ही ५–४ नं हरलो, त्याला दुखापत झाली आणि तो बारा सामने बाहेर बसला. पहिला विजय मिळायला दहावा सामना उजाडावा लागला. वर्षअखेरी संघ पुन्हा तळाला. त्यापुढच्या मोसमात, २०२५ च्या ऑक्टोबरात, पहिले सहा गेले आणि सातव्यात न्यूयॉर्कमध्ये रेंजर्सविरुद्ध जादा वेळेत ६–५ असं जिंकलो, सेलेब्रिनीचे तीन गोल. आधी अकरा, मग नऊ, मग सहा. आकडा खाली येत होता. नागपूरच्या त्या मुलानं मला तो लगेच मेसेजवर पाठवला आणि मला आनंद झाला, खरंच झाला. या पोरांची वाट आम्ही सगळ्यांनी बघितली आहे.

पण त्या सहातल्या एका रात्रीची गोष्ट सांगायची आहे. १८ ऑक्टोबर, शनिवार, समोर पुन्हा पिट्सबर्ग, पुन्हा कार्लसन. आम्ही गोल करू शकलो नाही. दुसऱ्या सत्रात दाराशी एक बाप आणि त्याची मुलगी येऊन थांबली. दोघांना मी पहिल्या वर्षापासून ओळखतो. १०–१ च्या रात्री ती सहा वर्षांची होती आणि बापाच्या खांद्यावर झोपून गेली होती. आता आठ. अंगात शार्क्सची हिरवट-निळी जर्सी, मनगटापर्यंत येणाऱ्या बाह्या आता कोपराच्या जरा खाली आलेल्या. पाठीवर २०, झेटरलुंड.

बाप माझ्याकडं बघून म्हणाला, “मी म्हटलं नवीन घेऊ या, ७१ नंबरची, सेलेब्रिनीची. नकोच म्हणते.”

“तो ऑटावाला गेलाय, माहितेय ना?” मी तिला विचारलं.

“माहितेय,” ती म्हणाली. “पण मी त्याला बघितलंय.”

बर्फावर आमची एक फळी अडकली होती. पाऊण मिनिट उलटून मिनिट झालं, दीड झालं, त्यांना बदली करता येईना. पाचही जणांचे पाय जड झालेले इथून दिसत होते. मुलगी माझ्या हाताखालून वाकून बघू लागली. मी हात थोडा वर घेतला, तिला दिसेल इतकाच.

“कितवा आहे तो?” तिनं बोट दाखवलं. काचेजवळ एक जण गुडघ्यावर आला होता, काठीनं पक दाबून धरत होता.

मी नंबर वाचायचा प्रयत्न केला. तो उठला, पाठ आमच्याकडं झाली आणि तिनं माझ्याआधी वाचला. शिट्टी झाली नव्हती. आम्ही तिघं तिथंच उभे राहिलो.